शंकर बाळकृष्ण दीक्षित

शंकर बाळकृष्ण दीक्षित (जुलै १८५३, मुरुड, जिल्हा रत्नागिरी – एप्रिल १८९८, पुणे) हे भारतीय ज्योतिषशास्त्राचे इतिहासकार, पंचांगसुधारक आणि मराठी ग्रंथकार होते. येथे ज्योतिष हा शब्द फलज्योतिष या आजच्या रूढ अर्थाने नसून ग्रहताऱ्यांच्या गतिस्थितीचे गणित या जुन्या व्यापक अर्थाने घ्यावयाचा आहे. 'भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास' हा त्यांचा मुख्य ग्रंथ १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. सामान्य वाचकाला नुसत्या डोळ्यांनी आकाश पाहण्यास शिकवणारे 'ज्योतिर्विलास' हे त्यांचे पुस्तक १८९२ मधील आहे. दीक्षित व्यवसायाने शाळामास्तर होते. महाविद्यालयीन पदवी, वेधशाळा अथवा मोठी दुर्बीण यांपैकी काहीही त्यांच्यापाशी नव्हते. ग्रंथांतील वचन प्रत्यक्ष आकाशाशी ताडून पाहावे आणि दोहोंत अंतर पडल्यास त्याचे कारण गणिताने शोधावे, ही त्यांची अभ्यासपद्धती होती.

जन्म व शिक्षण

दीक्षितांचा जन्म कोकणातील मुरुड या समुद्रकाठच्या गावी झाला. हे गाव दापोली तालुक्यात असून महर्षी धोंडो केशव कर्वे यांचेही ते गाव होय. कोकणातच, जंजिरा मुरुडजवळच्या नांदगाव येथे, सोळाव्या शतकात गणेश दैवज्ञ होऊन गेले. त्यांचा 'ग्रहलाघव' हा १५२० सालचा करणग्रंथ (ग्रहगणिताचा सुटसुटीत व्यवहारोपयोगी ग्रंथ) महाराष्ट्रातील पंचांगांचा आधार होता. दीक्षितांच्या लहानपणी घरोघरी वाचली जाणारी पंचांगे बहुधा याच परंपरेतील होती.

गावातील मराठी शाळेत प्रारंभीचे शिक्षण झाल्यावर १८७० मध्ये ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात दाखल झाले. मराठी शाळांसाठी शिक्षक तयार करणारी ही संस्था होती. तेथील अभ्यासक्रम पूर्ण करून १८७४ मध्ये ते मॅट्रिक्युलेशनची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यांचे औपचारिक शिक्षण येथेच संपले. संस्कृत सिद्धांतग्रंथ, आधुनिक पाश्चात्त्य ज्योतिर्गणित आणि त्या विषयावरील इंग्रजी लेखन यांचा पुढील सर्व अभ्यास त्यांनी नोकरी सांभाळून स्वतःच्या बळावर केला.

अध्यापन

१८७४ पासून काही वर्षे दीक्षित कुलाबा जिल्ह्यातील (आताचा रायगड जिल्हा) रेवदंडा येथील मराठी शाळेत मुख्याध्यापक होते. १८८० च्या सुमारास त्यांची बदली ठाण्याच्या मराठी शाळेत झाली. त्यानंतर १८८२ ते १८८९ या काळात ते सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे इंग्रजी शाळेत शिक्षक होते. पुढे धुळे येथील ट्रेनिंग स्कुलात आणि १८९४ पासून अखेरपर्यंत पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात त्यांनी अध्यापन केले. ज्या संस्थेत ते शिकले तेथेच शिक्षकांचे शिक्षक म्हणून ते परत आले.

या बदल्यांमुळे त्यांना समुद्रकाठचे, खाडीकाठचे आणि पठारावरचे आकाश पाहावयास मिळाले. परंतु मोठ्या ग्रंथसंग्रहांपासून दूरही राहावे लागले. हस्तलिखिते मिळवणे, ती उतरवून घेणे आणि जुन्या ज्योतिषी घराण्यांशी पत्रव्यवहार करणे ही कामे शाळेच्या वेळाबाहेर करावी लागत. सुरुवातीच्या काळात त्यांनी शालेय वाचकांसाठी 'विद्यार्थिबुद्धिवर्धिनी' (१८७६) आणि 'सृष्टचमत्कार' (१८८२) ही पुस्तके लिहिली. कठीण विषय पायरीपायरीने सांगण्याची त्यांच्या लेखनातील हातोटी या शिक्षकी पेशातून आलेली दिसते.

नुसत्या डोळ्यांचे आकाश: ज्योतिर्विलास

'ज्योतिर्विलास' या पुस्तकाचे पर्यायी नाव 'रात्रीची दोन घटका मौज' असे आहे. एक घटका म्हणजे चोवीस मिनिटे. म्हणजे रात्री पाऊण तासाहून थोडा अधिक वेळ आकाशाकडे पाहण्यात घालवणे, एवढीच अपेक्षा या नावातून वाचकापुढे ठेवलेली आहे. चंद्र, सूर्य, ग्रह, तारे आणि नक्षत्रे यांची ओळख त्यात सोप्या मराठीत करून दिली आहे. पुस्तक लोकप्रिय झाले व त्याच्या पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या. मराठीतील लोकसुलभ विज्ञानलेखनाच्या आरंभीच्या पुस्तकांत त्याची गणना होते.

यंत्राशिवाय करता येणाऱ्या निरीक्षणाचा पाया दोन गोष्टींवर उभा असतो: ताऱ्यांची ओळख आणि वेळेची नोंद. कोणताही तारा आदल्या दिवसापेक्षा सुमारे चार मिनिटे लवकर उगवतो. म्हणून महिन्याभरात तेच आकाश दोन तास आधी दिसू लागते. चंद्र हा पृथ्वीचा नैसर्गिक उपग्रह ताऱ्यांमधून पूर्वेकडे सरकत असतो. त्याची ही गती तासाला सुमारे अर्धा अंश, म्हणजे जवळजवळ त्याच्या स्वतःच्या बिंबाएवढी असते. एखाद्या तेजस्वी ताऱ्याजवळ आलेला चंद्र दोन घटकांच्या अंतराने पुन्हा पाहिला तर ही सरक नुसत्या डोळ्यांनाही कळते. दिवसाला ती सुमारे तेरा अंश होते आणि आकाशाच्या वर्तुळाचे सत्तावीस नक्षत्रांत केलेले विभागही प्रत्येकी तेरा अंश वीस कलांचे आहेत. चंद्र रोज साधारण एका नक्षत्रातून जातो तो यामुळेच. ज्या महिन्यात पौर्णिमेचा चंद्र कृत्तिकांजवळ असतो तो कार्तिक, मृगशीर्षाजवळ असतो तो मार्गशीर्ष. पंचांगाच्या पानावर शब्द म्हणून उरलेली ही नावे मुळात आकाश पाहून ठेवलेली आहेत, याची जाणीव दीक्षितांच्या सर्व लेखनामागे आहे.

पंचांगाचा वाद

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात पंचांगशुद्धीचा वाद जोरात होता. पंचांगातील ग्रहस्थिती आणि आकाशातील ग्रहस्थिती यांत फरक पडू लागला होता. गणितज्ञ केरो लक्ष्मण छत्रे (केरूनाना) यांनी पाश्चात्त्य गणिताच्या आधारे 'ग्रहसाधनाची कोष्टके' (१८६०) तयार केली आणि त्यांच्या गणिताने पटवर्धनी पंचांग निघू लागले.

वादाचा दुसरा पदर अधिक खोल होता. पृथ्वीच्या आसाची दिशा अतिशय मंद गतीने बदलत असल्यामुळे वसंतसंपात, म्हणजे दिवसरात्र समान होण्याच्या वेळचे सूर्याचे वसंतातील स्थान, ताऱ्यांमधून दरवर्षी सुमारे पन्नास विकला मागे सरते. सुमारे बहात्तर वर्षांत हे अंतर एक अंश होते. ऋतू संपातावर अवलंबून असतात. म्हणून ताऱ्यांवरून मोजलेले निरयन वर्ष आणि ऋतूंवरून मोजलेले सायन वर्ष यांत जवळजवळ वीस मिनिटांचा फरक पडतो. जुन्या सिद्धांतग्रंथांतील वर्षमान तर सायन वर्षाहून सुमारे चोवीस मिनिटांनी मोठे आहे. शतकानुशतके हा फरक साचत गेला. सूर्याचे उत्तरेकडे सरकणे डिसेंबरच्या २१–२२ तारखेस सुरू होत असताना, दीक्षितांच्या काळी उत्तरायणाचा सण मानली गेलेली मकरसंक्रांत १२ जानेवारीच्या सुमारास येत होती. पुढे ती १४–१५ जानेवारीपर्यंत सरकली.

विसाजी रघुनाथ लेले आणि ठाण्याचे जनार्दन बाळाजी मोडक यांच्याबरोबर दीक्षितांनी सायन पक्षाचा पुरस्कार केला आणि १८८० च्या दशकात या तिघांच्या प्रयत्नाने सायन पंचांग प्रसिद्ध होऊ लागले. वसंत ऋतूचे म्हणून सांगितलेले कर्म वसंतातच व्हावे, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होता. लोकांच्या सणावारांना आणि शुभाशुभाच्या समजुतींना हात घालणारी ही सूचना होती. निरयन पद्धतीच्या अभिमान्यांनी तिला कडवा विरोध केला आणि सायन पंचांग समाजात रुजले नाही. दीक्षितांनी या वादात विरोधकांची मतेही सविस्तर मांडून तपासली. इतिहासग्रंथातील पंचांगविषयक प्रकरणात दोन्ही पक्षांची बाजू वाचावयास मिळते.

शिलालेखांतील तारखा

जॉन फेथफुल फ्लीट हे गुप्त राजांच्या व त्यांच्या समकालीनांच्या शिलालेखांचे संपादन करीत होते. गुप्त संवत् कोणत्या वर्षी सुरू झाला यावर विद्वानांत एकमत नव्हते आणि निरनिराळ्या मतांत शेकडो वर्षांचे अंतर पडत होते. या प्रश्नाचे गणित दीक्षितांनी करून दिले. केरूनानांची कोष्टके त्यांनी या कामी वापरली.

अशा गणिताची कसोटी वार आणि तिथी यांच्या जुळणीत असते. मध्य भारतातील एरण येथील स्तंभलेखात बुधगुप्ताच्या काळातील गुप्त वर्ष १६५, आषाढ शुक्ल द्वादशी, गुरुवार अशी मिती आहे. गुप्त संवताचा आरंभ इ.स. ३१९–३२० धरला तर ही मिती २१ जून ४८४ या दिवशी येते आणि त्या दिवशी गुरुवारच पडतो. एकच मिती जुळली तर तो योगायोग म्हणता येईल. म्हणून इतर लेखांच्या मित्याही अशाच तपासण्यात आल्या. १८८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्लीट यांच्या गुप्तलेखसंग्रहाला या गणिताचा भक्कम आधार मिळाला आणि गुप्तकालाचा आरंभ पुढे या वर्षाभोवती स्थिरावला.

याच कामात दीक्षितांनी गुरूच्या बारा वर्षांच्या चक्राचा उलगडा केला. परिव्राजक महाराजांच्या ताम्रपटांत महाचैत्र, महावैशाख अशी संवत्सरनामे येतात. गुरू सूर्याच्या तेजात सुमारे महिनाभर लोपतो आणि नंतर पहाटे पूर्वेस पुन्हा दिसू लागतो. हे पुनर्दर्शन ज्या नक्षत्रात होते त्यावरून संवत्सराला नाव देण्याची जुनी पद्धत होती. असे दोन उदय सुमारे ३९९ दिवसांच्या अंतराने होतात. म्हणून बारा वर्षांत उदय अकराच होतात आणि एक नाव गळते. ताम्रपटांतील नावे या उदयपद्धतीशी जुळतात हे दीक्षितांनी दाखवून दिले. कोरीव लेखातील एका शब्दामागे कोणीतरी पहाटे उठून केलेले निरीक्षण आहे, हे त्यामुळे सिद्ध झाले. याविषयीचे त्यांचे इंग्रजी लेख 'इंडियन अँटिक्वरी' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

मद्रास प्रांतातील सनदी अधिकारी रॉबर्ट स्यूएल यांच्यासह त्यांनी 'द इंडियन कॅलेंडर' हा इंग्रजी ग्रंथ सिद्ध केला (१८९६). हिंदू व मुसलमानी तारखांचे इसवी सनात रूपांतर करण्याची कोष्टके त्यात आहेत. व्हिएन्नाचे रॉबर्ट श्राम यांनी तयार केलेली, भारतात दिसलेल्या ग्रहणांची कोष्टकेही त्याला जोडली आहेत. शिलालेखांचे अभ्यासक हा ग्रंथ दीर्घकाळ वापरीत आले.

भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास

दक्षिणा प्राइझ कमिटीने भारतीय ज्योतिषाच्या इतिहासावरील ग्रंथासाठी जाहीर केलेल्या पारितोषिकाच्या निमित्ताने दीक्षितांनी हा ग्रंथ लिहावयास घेतला. त्याचे बरेचसे लेखन बार्शीच्या वास्तव्यात झाले. ग्रंथाला पारितोषिक मिळाले. पुढे त्यात भर घालून तो १८९६ मध्ये पुण्याच्या आर्यभूषण छापखान्यात छापला गेला.

ग्रंथाचे दोन मोठे भाग आहेत. पहिल्यात वैदिक व वेदांगकाळातील ज्योतिषाचा विचार आहे. वर्ष, अयन, ऋतू, मास, तिथी, नक्षत्रे यांचे उल्लेख संहिता-ब्राह्मणग्रंथांतून, वेदांगज्योतिषातून आणि महाभारतासारख्या ग्रंथांतून वेचून त्यांचा अर्थ लावला आहे. दुसऱ्या भागात सिद्धांतकाळाचा गणित, संहिता व जातक या तीन स्कंधांनुसार इतिहास आहे. आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य, गणेश दैवज्ञ अशा नामांकितांबरोबरच कित्येक अल्पख्यात ज्योतिष्यांचे ग्रंथ, काल व स्थळ यांची नोंद त्यात आहे. नक्षत्रांतील प्रमुख तारे म्हणजे योगतारे कोणते, या प्रश्नाचा निरनिराळ्या ग्रंथांतील अंक आणि आकाशातील तारे समोर ठेवून केलेला विचार विशेष उल्लेखनीय आहे.

भारतीयांनी नक्षत्रपद्धती अथवा ग्रहगणित परकीयांकडून उचलले काय, यावर व्हिटनी, बर्जेस, थीबो इत्यादी पाश्चात्त्य अभ्यासकांत चर्चा चालू होती. दीक्षितांनी प्रत्येकाची प्रमाणे तपासून नक्षत्रपद्धती व ग्रहगतीचे मूलांक स्वतंत्र असल्याचे मत दिले. काही कल्पना बाहेरून आल्या असण्याची शक्यता मात्र त्यांनी नाकारली नाही. स्वदेशाभिमानाच्या त्या काळात हा तोल त्यांनी राखला, हे ग्रंथाच्या टिकाऊपणाचे एक कारण मानता येईल.

कृत्तिका आणि पूर्व दिशा

दीक्षितांचे सर्वाधिक चर्चिले गेलेले प्रतिपादन शतपथ ब्राह्मणातील एका उल्लेखाविषयी आहे. अग्न्याधानासाठी कृत्तिका नक्षत्र योग्य असल्याचे सांगताना, इतर नक्षत्रे पूर्व दिशेपासून ढळतात, कृत्तिका मात्र ढळत नाहीत, अशा आशयाचे विधान त्या ग्रंथात आहे. दीक्षितांनी हे विधान निरीक्षण म्हणून वाचले. नेमका पूर्वेस उगवणारा तारा खगोलीय विषुववृत्तावर असला पाहिजे. आज कृत्तिका त्या वृत्ताच्या चोवीस अंश उत्तरेस आहेत. कोकणातून पाहिले तर त्या पूर्वबिंदूपासून सुमारे पंचवीस अंश उत्तरेकडे उगवताना दिसतात. संपातचलनाचे गणित मागे नेले असता कृत्तिका विषुववृत्तावर येण्याचा काळ इ.स.पू. ३००० च्या सुमारास येतो. विधान वर्तमानकाळात असल्यामुळे ते त्या काळच्या पाहणाऱ्याचेच आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १८९५ मध्ये त्यांनी हा विचार 'इंडियन अँटिक्वरी'तही मांडला. दोन वर्षांपूर्वीच बाळ गंगाधर टिळकांचा 'ओरायन' (१८९३) प्रसिद्ध झाला होता. वेदकालनिर्णयासाठी ज्योतिषाचा उपयोग करण्याचे हे दोन समकालीन प्रयत्न होत.

या निष्कर्षावर आक्षेपही घेतले गेले. ब्राह्मणकारांना काटेकोर पूर्वबिंदू अभिप्रेत नसून पूर्वेकडील आकाशाचा भाग अभिप्रेत असावा, असे काहींचे म्हणणे आहे. विधान जुन्या स्मरणातून आलेले असावे, अशीही एक बाजू मांडली जाते. तसे असल्यास त्यावरून ग्रंथाचा काल ठरत नाही. भाषेवरून आणि पुरातत्त्वावरून ब्राह्मणग्रंथांचा काल ठरवणारे बहुतेक अभ्यासक तो बराच अलीकडचा मानतात. गणिताविषयी मात्र वाद नाही. मतभेद आहे तो मूळ वचनाच्या अर्थाविषयी.

मृत्यू

मुख्य ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतर दोन वर्षांच्या आतच, एप्रिल १८९८ मध्ये, पुणे येथे दीक्षितांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ४४ वर्षांचे होते. 'भारतवर्षीय भूवर्णन' हे त्यांचे पुस्तक मृत्यूनंतर १८९९ मध्ये प्रसिद्ध झाले.

प्रभाव

इतिहासग्रंथाची दुसरी मराठी आवृत्ती १९३१ मध्ये निघाली. शिवनाथ झारखंडी यांनी केलेला हिंदी अनुवाद १९५७ मध्ये आणि रा. वि. वैद्य यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादाचे दोन भाग १९६९ व १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. वैद्य हे मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीचे एक सदस्य होते. या समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ रोजी, म्हणजे १ चैत्र शके १८७९ रोजी, भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. तिचे वर्ष वसंतसंपाताच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते. नागरी व्यवहारापुरते का होईना, सायन तत्त्व अशा रीतीने मान्य झाले. सणांची पंचांगे मात्र निरयनच राहिली.

त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला सोव्हिएत संघाने 'स्पुटनिक' हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला आणि नुसत्या डोळ्यांच्या निरीक्षणाला एक नवा विषय मिळाला. सूर्यास्तानंतर वा सूर्योदयापूर्वी जमिनीवर अंधार असतो, पण काहीशे किलोमीटर उंचीवरील उपग्रहावर ऊन पडलेले असते; म्हणून तो सरकत्या ताऱ्यासारखा दिसतो. पृथ्वीच्या छायेत शिरताच तो मध्येच मावळतो. चंद्रग्रहणामागील कारणच येथेही असते. सुमारे चारशे किलोमीटर उंचीवरील आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक तर मुंबईच्या दिव्यांनी उजळलेल्या आकाशातही ओळखू येते. हौशी निरीक्षक उपग्रह कोणत्या दोन ताऱ्यांमधून किती वाजता गेला याची नोंद करतो. ताऱ्यांची ओळख आणि वेळेची नोंद ही गुरूच्या उदयाची वा चंद्राच्या युतीची जुनी साधने त्याच्याही कामी येतात.

दीक्षित ज्या ठाण्यात शिकवीत होते तेथील खाडी पुढे ट्रॉम्बेपाशी मुंबईच्या बंदराला मिळते. ट्रॉम्बेला लागून असलेल्या मानखुर्द येथील होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात आज आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र ऑलिंपियाडसाठी भारतीय विद्यार्थ्यांची निवड व तयारी होते. त्या स्पर्धेतील निरीक्षणाच्या फेरीत यंत्राविना तारे ओळखण्याचीही परीक्षा असते.

ग्रंथसंपदा

विद्यार्थिबुद्धिवर्धिनी (१८७६)
सृष्टचमत्कार (१८८२)
ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज (१८९२)
धर्ममीमांसा (१८९५)
भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास (१८९६)
द इंडियन कॅलेंडर, रॉबर्ट स्यूएल यांच्यासह (इंग्रजी, १८९६)
भारतवर्षीय भूवर्णन (मरणोत्तर, १८९९)